बावीसचा आकडा

आमच्या गाडीच्या एसीवर 22 हा आकडा दिसत होता आणि मागच्या सीटवर आई घामाने भिजली होती. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे समजायला मला अख्खा उन्हाळा लागला.

आम्ही राहतो खेरडीत, सिल्वासाहून खानवेलकडे जाणाऱ्या रस्त्यावर. नव्वदच्या दशकात करसवलतींमुळे दादरा नगर हवेलीत कारखाने भराभर उभे राहत होते, तेव्हा बाबा नाशिक जिल्ह्यातून इथल्या एका धाग्याच्या कारखान्यात नोकरीला आले. मी इथेच वाढलो, बीई केलं आणि आता घरूनच सॉफ्टवेअरचं काम करतो. बाबा जाऊन सहा वर्षं झाली.

गेल्या मार्चमध्ये आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर वापीचे. एप्रिलपासून आठवड्यातून दोनदा, तेही भर दुपारी, तिला फिजिओथेरपीला न्यायचं होतं. पाय लांब करता यावा म्हणून ती मागे बसायची. दादरा मागे पडेपर्यंत सगळं ठीक असायचं. पुढे चणोदजवळ ट्रकांच्या रांगेत अडकलो की ती पदराने वारा घ्यायला लागायची.

तिसऱ्या खेपेलाच ती म्हणाली, "अरे, गाडी पळते तेव्हा गार लागतं, थांबली की नुसती भट्टी."

मी समोरच्या पडद्याकडे बोट दाखवलं. "आई, बावीसवर आहे. उन्हातून आल्यामुळे तुला तसं वाटतंय."

ती गप्प बसली. नंतरच्या दोन-तीन खेपांना तिने तक्रारच केली नाही. मला वाटलं, प्रश्न सुटला.

पुढे मलाही गरम लागायला लागलं, तेव्हा गाडी गॅरेजमध्ये नेली. "गॅस कमी झालाय," असं सांगून त्यांनी गॅस भरला. चक्कर मारून पाहिली, मस्त गार. चक्कर मारताना गाडी पळत असते, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. दहा दिवसांनी पुन्हा तेच. दुसऱ्या गॅरेजमध्ये गेलो, पुन्हा गॅस. दोन्ही मिळून साडेतीन हजार रुपये गेले.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही चणोदला अर्धा तास अडकलो. वापीला पोहोचून दार उघडलं तर आईला उतरता येईना. बोलणं जड झालं होतं, हात गार पडले होते. रक्तदाबासाठी ती जी गोळी घेते ती लघवीवाटे पाणी आणि मीठ बाहेर टाकणारी. त्यात इतका घाम. रक्तातलं सोडियम उतरलं होतं. रात्रभर सलाइन लावून दवाखान्यात ठेवावं लागलं.

ड्युटीवरच्या डॉक्टरांनी विचारलं, "गाडीला एसी नाही का?"

"आहे," मी म्हणालो.

त्या रात्री बाकावर बसून एकच गोष्ट डोक्यात फिरत होती. ऑफिसात एखादा ग्राहक म्हणाला, की तुमचं अ‍ॅप चालू असताना ठीक असतं, पण दोन मिनिटं थांबलं की अडकतं, तर मी ते शब्द जसेच्या तसे लिहून घेतो. कारण बिघाड केव्हा होतो आणि केव्हा होत नाही, यातच अर्धं उत्तर असतं. आईने तिसऱ्या खेपेलाच हे सगळं सांगितलं होतं. मी तिला पडदा दाखवला.

आई घरी आली. पुढच्या रविवारी मी एक स्वस्तातला थर्मामीटर घेऊन गाडीत बसलो. त्याचं टोक एसीच्या झडपेत खुपसलं आणि खानवेलच्या रस्त्याला लागलो. गाडी पळत असताना 10 अंश. मग रस्त्याकडेला इंजिन चालू ठेवून थांबलो. सहा मिनिटांत 23. पुन्हा निघालो, पुन्हा 10. आईचं वाक्य आता आकड्यांत माझ्यासमोर होतं.

आता यामागचं कारण. एसी थंडी तयार करत नाही, तो आतली उष्णता बाहेर नेऊन टाकतो. कॉम्प्रेसर गॅस दाबतो तेव्हा गॅस तापतो. रेडिएटरच्या पुढे असलेल्या कंडेन्सरच्या जाळीत तो हवेला उष्णता देऊन निवतो, त्याचा द्रव होतो. मग हा द्रव डॅशबोर्डमागच्या दुसऱ्या जाळीत जाऊन पुन्हा वायू होतो आणि होताना आतल्या हवेतली उष्णता शोषून घेतो. गाडी पळत असते तेव्हा कंडेन्सरला समोरून वारा मिळतो. थांबली की सगळी भिस्त पंख्यावर. पंखा फिरला नाही तर उष्णता जायला जागा नाही, दाब वाढतो आणि सुरक्षेसाठी कॉम्प्रेसर बंद पडतो.

बॉनेट उघडून एसी लावला. पंखा हललाच नाही.

शेजारचे काका बाबांच्याच कारखान्यात इलेक्ट्रिशियन होते. त्यांना बोलावलं. फ्यूज ठीक, रिले ठीक. माझ्या गाडीत पंख्याला दोन वेग आहेत. एसीसाठी हळू, इंजिन फार तापलं तर जोरात. जोराचा वेग शाबूत होता, म्हणून इंजिनचा काटा कधी वर गेला नाही आणि कोणाला संशयही आला नाही. हळू वेगासाठीचा रेझिस्टर जळला होता. कंडेन्सरच्या जाळीत कारखान्यांच्या वाटेवरची धूळ आणि तंतू लोकरीसारखे अडकले होते. जाळी पाण्याच्या हलक्या धारेने धुतली. रेझिस्टर बसवायला सहाशे रुपये लागले.

आणि गॅस? तो बंद चक्रात फिरतो, पेट्रोलसारखा संपत नाही. बराच कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता भरला तर तो पुन्हा जाणार. वर त्या आर-134ए गॅसची पृथ्वी तापवण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 1,400 पट. आमच्या गाडीला गळती नव्हतीच. दोनदा अंदाजाने भरल्यामुळे गॅस उलट जास्त झाला होता, आणि जास्त गॅसनेही दाब वाढतो. शेवटी बॉनेटखालच्या स्टिकरवर जितके ग्रॅम लिहिलेत तितकाच, यंत्राने मोजून भरून घेतला.

राहिला बावीसचा आकडा. क्लायमेट कंट्रोलवर दिसतं ते गाडीतलं तापमान नसतं, ती आपण केलेली मागणी असते. आमच्या गाडीत तापमान मोजणारा सेन्सर पुढे डॅशबोर्डमध्ये आहे. मागच्या सीटचं त्याला काही कळत नाही. मागे आमच्याकडे एकच सेन्सर होता, आणि तो तर बोलत होता.

हे सगळं आईला सांगताना मी तिला एसीचा इतिहासही ऐकवला. विलिस कॅरियरने 1902 मध्ये पहिला आधुनिक एसी बनवला तो माणसांसाठी नव्हेच, न्यूयॉर्कमधल्या एका छापखान्यात दमट हवेने कागद बिघडत होता म्हणून. 'एअर कंडिशनिंग' हा शब्द 1906 मधला, तोही कापड गिरण्यांत काम करणाऱ्या एका इंजिनिअरचा.

आई म्हणाली, "त्यात नवीन काय? तुझ्या बाबांच्या कारखान्यात धाग्याला एसी होता. बाबा घरी येऊन पंख्याखाली बसायचे."

जूनच्या पहिल्या आठवड्यात फिजिओथेरपीची शेवटची खेप होती. चणोदला नेहमीसारखे ट्रक. दहा मिनिटं झाली. मी पडद्याकडे न बघता मागे वळून विचारलं, "आई, कसं वाटतंय?"

"पायाशी वारा जरा जास्त येतोय," ती म्हणाली. मी लगेच कमी केला.