डिअर सर, आय हॅव रेड युवर रिक्वायरमेंट

ऑनलाइन बाजारात फ्रीलान्सरसाठी काम टाकणाऱ्या प्रत्येकाला हे वाक्य पाठ असतं. आणि गंमत म्हणजे हे वाक्य जिथे असतं, तिथे रिक्वायरमेंट बहुतेक वाचलेली नसते. ज्याने खरंच वाचलंय, त्याला ते वेगळं सांगावं लागत नाही.

तर झालं असं की मागच्या महिन्यात मी अशाच एका साइटवर छोटंसं काम टाकलं. माझ्या आजोबांच्या दोन वह्या आहेत, 1957-58 सालच्या. शाईच्या पेनाने लिहिलेल्या. जमाखर्च, एस्टीचे प्रवास, कोणाकडे काय जेवलो असल्या नोंदी. मी पानं स्कॅन केली होती, ती कुणीतरी टाइप करून द्यायची, एवढंच. ऑफिसच्या भाषेत सांगायचं तर स्पेक एकदम क्लिअर होता: हस्तलिखित, मराठी, पानं किती, नमुन्याचं एक पान सोबत.

तासाभरात वीसेक ऑफर्स! मी खूश. मग एकेक उघडायला लागलो. पहिला म्हणतो, वर्डप्रेसमध्ये दहा वर्षांचा अनुभव आहे. दुसरा लोगो करून देणार, तीन रिव्हिजन्स फ्री. तिसरा माझी वेबसाइट गुगलच्या पहिल्या पानावर आणणार. कोणती वेबसाइट, हे देवालाच ठाऊक. एकाने तर मराठीत लिहिलं होतं: "मी मराठीत एक तज्ञ टंकन आहे." आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "अरे, लग्नाच्या स्थळांचं पण असंच असायचं. पत्रिका, उंची, शिक्षण काही न बघता छापील बायोडेटा धाडून द्यायचे सगळीकडे."

हसून सोडून देता आलं असतं. पण कॉलेजचा एक मित्र नाशिकला बसून पूर्णवेळ हेच काम करतो. त्याला फोन लावला. तो अजिबात हसला नाही. म्हणाला, "हे बघ, नीट वाचून नीट लिहायला वीस मिनिटं लागतात. पेस्ट करायला अर्धं मिनिट. आणि नीट लिहिलेलं क्लायंट उघडेलच याची गॅरंटी काय? अर्धे लोक काम टाकून गायबच होतात. मग वीस मिनिटांत एक लिहू की चाळीस टाकू?"

गणित बरोबर आहे की राव. पाठवणारा मूर्ख नाही. पाठवण्याचा खर्च शून्याजवळ असला की प्रत्येकाने सगळीकडे पाठवणं हेच शहाणपण ठरतं. खर्च नाहीसा होत नाही, तो फक्त वाचणाऱ्याच्या डोक्यावर येतो.

मायकेल स्पेन्स नावाच्या अर्थतज्ज्ञाने 1973 साली नोकरीच्या बाजाराबद्दल एक पेपर लिहिला होता (2001 च्या नोबेलमध्ये त्याचा वाटा होता). सोप्या मराठीत त्याचं म्हणणं असं: समोरचा माणूस लायक आहे की नाही हे एखाद्या खुणेवरून तेव्हाच कळतं, जेव्हा ती खूण मिळवणं नालायकाला जास्त महाग पडतं. दोघांनाही ती सारखीच स्वस्त असेल, तर तिच्यावरून काहीच कळत नाही. 'आय हॅव रेड' ही अशीच फुकट खूण.

साइटवाल्यांना हे कळत नाही असं नाही. इलान्स आणि ओडेस्क एकत्र येऊन 2015 मध्ये ज्याचं अपवर्क झालं, तिथे ऑफर पाठवायला 'कनेक्ट्स' लागतात. 2019 पासून एका कनेक्टला 15 सेंट्स, म्हणजे तेव्हाच्या भावाने दहाएक रुपये, घ्यायला त्यांनी सुरुवात केली. एका ऑफरला असे बरेच कनेक्ट्स जातात. आणखी कनेक्ट्स बोलीवर लावून आपली ऑफर वर दाखवण्याचीही सोय आहे. कल्पना चांगली, पण पैसे मोजायला लावले म्हणून माणूस वाचायला लागतोच असं नाही. जुन्या माणसाला ती गुंतवणूक असते, नवख्याला लॉटरीचं तिकीट.

क्लायंट लोकांनी आपली एक युक्ती काढली होती. पोस्टच्या शेवटी लिहायचं, "उत्तराची सुरुवात 'कैरी' या शब्दाने करा." ज्याने केली नाही तो बाद. नोव्हेंबर 2022 मध्ये चॅटजीपीटी आलं आणि या युक्तीचा जीव गेला. आता यंत्र तुमची पोस्ट शेवटपर्यंत वाचतं, कैरीही लिहितं आणि वर "आपल्या आजोबांच्या अमूल्य आठवणी जपण्यास मी उत्सुक आहे" असंही लिहितं. इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं!

या सगळ्या गर्दीत, अगदी तळाला, एक ऑफर होती. रेटिंग नाही, आधीचं एकही काम नाही. एका बाईंच्या तीन ओळी. "युनिकोडमध्ये हवंय की श्रीलिपीत? वह्या 1962 च्या आधीच्या आहेत, तर तेव्हाचे न उच्चारले जाणारे अनुस्वार तसेच ठेवू की आजच्या नियमाने काढू? नमुन्याच्या पानावरचा सातव्या ओळीतला शब्द 'वळकटी' आहे ना?"

मी नमुन्याचं पान पुन्हा काढलं. वळकटीच होती. मी तो शब्द इतके दिवस नुसता ओलांडून जात होतो. आणि अनुस्वारांचा प्रश्न तर माझ्या स्पेकमध्येच नव्हता. आईला विचारलं, ती म्हणाली, "ठेव तसेच. त्यांनी दिलेत ना."

काम अर्थातच त्यांना दिलं. पण मला राहून राहून वाटतं, मी दहाव्या ऑफरला कंटाळून टॅब बंद केला असता तर? बहुतेक जण तेच करतात. निरर्थक ऑफर्सचं खरं नुकसान माझ्यासारख्या क्लायंटचं नाही, माझा फार तर एक तास गेला. नुकसान त्या बाईंचं. त्यांनी वीस मिनिटं घातलेली असतात आणि ती कोणी उघडतच नाही. असं पाच-सहा वेळा झालं की त्याही पेस्ट करायला लागतील, नाहीतर सोडून देतील.

म्हणून दोन्ही बाजूंना एकेक विनंती. ऑफर पाठवणार असाल तर अनुभवाची वर्षं नंतर सांगा, आधी एक प्रश्न विचारा. काम मनातल्या मनात करून पाहिल्याशिवाय न सुचणारा प्रश्न. गुळगुळीत प्रश्न यंत्रही विचारतं, पण सातव्या ओळीतला शब्द वाचायला पान डोळ्यांजवळ धरावं लागतं. आणि काम टाकणार असाल तर यादी तळापर्यंत बघा, ज्यांना घेतलं नाही त्यांना एका ओळीत नाही म्हणा, आणि काम दिलं की पोस्ट बंद करा. पाच मिनिटं लागतात हो.