भिंतीपुढचं कपाट

माहूरचं घर विकायचं ठरलं आणि मी उत्साहाने कामाला लागलो. बाबा गेल्यापासून आई तिथे एकटी. तिला पुण्याला आणायचं, तर आमच्या वन बीएचकेमधून बाहेर पडायला ते पैसे हवेच होते.

नेटवर भरपूर वाचलं. अमेरिकेत बार्ब श्वार्ट्झ नावाच्या बाईंनी १९७० च्या दशकात 'होम स्टेजिंग'चा धंदा रुजवला. नाटकाचा सेट लावावा तसं घर लावायचं. घेणारा म्हणे दारातच निम्मं ठरवतो!

मग काय, नवरात्रात गडावर जाणाऱ्यांच्या गर्दीत कुणाला बोलवायचं नाही, दिवाळीनंतरच दाखवायचं, असा प्लॅन केला. सुट्टी टाकून गेलो. माळ्यावरचं भंगार विकलं, दाराला रंग दिला, तुळस नवीन लावली. गच्चीवरून डोंगराचे झकास फोटो काढले.

राहिली मागच्या खोलीतली भिंत. दर पावसाळ्यात तिला ओल येते, पोपडे निघतात. मी ते खरवडून रंग मारला आणि वर लोखंडी कपाट सरकवलं. आपण नाही का, डेमोच्या आदल्या रात्री न चालणारं बटणच लपवून टाकत? तसंच. :)

आई दारात उभी राहून बघत होती. "कामून लपवायलास?"

"लपवत नाही गं, नीट मांडतोय."

ती काही बोलली नाही.

रविवारी किनवटहून एक गुरुजी आले, बायकोला घेऊन. घर आवडलं. तुळशीपाशी वहिनी तर रेंगाळल्याच. मनात म्हटलं, झालं काम. तेवढ्यात आई म्हणाली, "गुरुजी, ते कपाट जरा सरकवून बघा. पावसाळ्यात त्या भिंतीला ओल येते. आमच्या ह्यांनी दोनदा दुरुस्त केली, पण येतेच."

माझा चेहरा काय झाला असेल, तुम्हीच ठरवा.

नंतर वकिलाकडून कळलं ते असं. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ नुसार, वेगळा करार नसेल तर, विकणाऱ्याला ठाऊक असलेला आणि घेणाऱ्याला साध्या पाहणीत न दिसणारा महत्त्वाचा दोष सांगणं विकणाऱ्यावर बंधनकारक असतं. दार रंगवणं ठीक, पण कपाट सरकवलं तिथे मी रेघ ओलांडली होती. आईने कलम वाचलेलं नाही. तिला एवढंच कळत होतं की पुढच्या आषाढात त्या खोलीत वहिनी झोपणार.

गुरुजींनी मिस्त्री आणला, खर्च काढला. साठ हजार कमी करून सौदा झाला. निघताना आईने त्यांना रेणुकेच्या प्रसादाचा तांबूल दिला.

साठ हजार मला अजून टोचतात, खोटं कशाला बोलू? पण पहिल्या जोरदार पावसानंतर गुरुजींचा फोन आला, तो मी बिनधास्त उचलला. भिंत कोरडी होती.

असो. उद्या सोमवार, क्लायंटला डेमो आहे. एक बटण अजून चालत नाही. बघू, या वेळी आधीच सांगून टाकावं म्हणतोय..