नेम

रात्रीचे साडेअकरा वाजलेत. जेवणाच्या टेबलावर फिकट गुलाबी सॅटिनचे बूट, रिबिनींची गुंडाळी, जाड सुई आणि दात साफ करायचा दोरा. बॅलेच्या पॉइंट शूजना रिबिनी आपल्या आपण शिवून घ्यायच्या असतात. टाच आत दुमडली की कडेला कोन पडतो, तिथे रिबीन बसवायची. साधा दोरा टिकत नाही, म्हणून हा दातांचा. एरवी थोरली स्वतःच शिवते. पण उद्या प्रयोग आहे, तिला झोप हवी, म्हणून आज सुई माझ्या हातात.

बुटाचं टोक दाबून बघते. आत लाकूड नाही, लोखंड नाही. कापडाचे आणि कागदाचे थर खळीने चिकटवून कडक केलेले. एवढ्याशा आधारावर माझी तेरा वर्षांची मुलगी उद्या उभी राहणार आहे.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. इथे डिसेंबर आला की गावोगावी ‘नटक्रॅकर’ लागतो. चायकोव्स्कीच्या संगीतावरचा हा बॅले १८९२ साली सेंट पीटर्सबर्गच्या मारिइन्स्की थिएटरात पहिल्यांदा झाला, तेव्हा त्याचं फारसं कौतुक झालं नव्हतं. पुढे लहानपणी तिथेच त्यात नाचलेल्या जॉर्ज बॅलन्शिनने १९५४ साली न्यूयॉर्कमध्ये तो नव्याने बसवला, आणि अमेरिकेत नाताळ आणि ‘नटक्रॅकर’ यांची जोडी पक्की झाली. यात लहान मुलांना देवदूत, उंदीर अशी भरपूर कामं असतात. त्यामुळे आमच्या गावातला प्रयोग म्हणजे जत्रेतल्या नाटकासारखा. प्रेक्षकांत जो तो कुणाचा ना कुणाचा आईबाप, आजीआजोबा.

थोरलीने सहाव्या वर्षी तो पाहिला आणि हट्टच धरला. माझ्या मनात भरतनाट्यम होतं. हे नाच परके, शब्द फ्रेंच, घरात कुणाला त्यातलं काही कळत नाही. पण ती क्लासला जाऊ लागली आणि मी दाराशी बसून बघू लागले. रोज सुरुवात तीच. लाकडी दांड्याला हात, टाचा जुळलेल्या, गुडघे सावकाश वाकवायचे, सावकाश सरळ करायचे. याला प्लिए म्हणतात. सहा वर्षांचं पोर हेच करतं आणि नावाजलेली नर्तिकाही दिवसाची सुरुवात याच्यानेच करते. घोट्यात पुरेसं बळ आल्याशिवाय पॉइंट शूज मिळत नाहीत. थोरलीला ते अकराव्या वर्षी मिळाले. पाच वर्षं तिने वाट पाहिली.

ते बघताना मला आमच्या घरातला एक शब्द आठवायचा. नेम. माझे वडील, मुलांचे आबा, फलटणचे. गळ्यात तुळशीची माळ, आणि आळंदी ते पंढरपूर पायी वारी सलग सव्वीस वर्षं. लहानपणी मी त्यांना विचारलं होतं, “एवढं चालून देवाकडे मागता काय?” ते म्हणाले, “मागायला कोण जातंय? नेम आहे, म्हणून जायचं.” तेव्हा ते उत्तर मला अर्धवट वाटलं होतं.

गेल्या वर्षी ऑक्टोबरात थोरलीच्या पावलातल्या एका हाडाला बारीक चीर गेली. सहा आठवडे पाय जाड बुटात. हिमकणांच्या नाचात तिची निवड झाली होती, ती जागा गेली. दोन रात्री ती उशीत तोंड खुपसून रडली. मी देवासमोर बसले खरी, पण माझ्या ओठांवर तक्रारच होती. तिसऱ्या दिवशी तालमीच्या वेळी ती पिशवी घेऊन दारात उभी.

“तू जाऊन काय करणार आहेस?”

“आबा काय करत होते?” ती म्हणाली.

मला चटकन उमगलं नाही. मग आठवलं. ती आठ वर्षांची असताना सुट्टीत आम्ही फलटणला गेलो होतो. आबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, चालायची बंदी. पालखी आली त्या दिवशी ते सकाळपासून दारात खुर्ची टाकून बसले. समोर घंगाळ, पाण्याचे तांबे आणि कोकमतेलाची वाटी. जो वारकरी टेकेल त्याचे पाय धुवायचे, भेगांना तेल लावायचं. त्या वर्षी त्यांची वारी दारातच झाली. माझी मुलगी तांब्याने पाणी ओतत होती. तिने ते कुठे जपून ठेवलं होतं कोण जाणे.

सहा आठवडे ती तालमीला गेली. कोपऱ्यात बसून फक्त हातांनी सगळा नाच करायची. उरलेल्या वेळात छोट्या देवदूतांचे अंबाडे घालून द्यायची, आकडे खोचून, जाळी बसवून. त्या देवदूतांत पुढच्या वर्षी उंदीर होणारा आमचा धाकटाही होता. वर्गातली मुलं त्याला ‘मुलींचा नाच’ म्हणून चिडवत. त्याने फोनवर आबांकडे गाऱ्हाणं केलं. आबा म्हणाले, “आमच्या वारीत मिशीवाले बाप्ये फुगड्या घालतात बाळा. नाचायला लाज कसली?” तो विषय तिथेच मिटला.

रिबिनी शिवल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशीचा प्रयोग. धाकटा उंदराचं भलंमोठं डोकं घालून आला. आतून समोरचं धड दिसत नाही, म्हणून पावलं मोजत नाचतो. शेपटीच्या झोकावरून मी त्याला ओळखलं. मग दिवे निळे झाले, वरून कागदी बर्फ पडू लागला, शब्दांवाचून गाणारे कोवळे आवाज आले आणि सोळा पांढऱ्या मुली रंगमंचावर धावल्या. डावीकडून चौथी माझी. त्या बर्फावर पाय घसरतो, हे तिनेच मला सांगितलं होतं. मी पदराचं टोक मुठीत घट्ट धरून बसले. ती टोकांवर उठली. एक क्षण. सगळं अंग जणू फक्त वरच ओढलं गेलेलं.

टाळ्या झाल्या, माझे डोळे भरले. पण खरं सांगायचं तर माझा ऊर त्याहून जास्त भरून आला होता तो गेल्या वर्षी, ती एक पाय पुढे पसरून कोपऱ्यात हातांनी नाचत होती तेव्हा. आज जग बघत होतं. तेव्हा बघायला कुणी नव्हतं, मिळायचंही काही नव्हतं. आबांचं उत्तर अर्धवट नव्हतं, हे मला माझ्या मुलीने शिकवलं. श्रद्धा म्हटलं की मी आजवर हात जोडून काहीतरी मागत आले. माझ्या घरातली श्रद्धा मात्र पायांत होती. ती फलटणच्या दारात बसली होती आणि इथल्या तालमीच्या खोलीतही.

रात्री थोरलीचे पाय मांडीवर घेतले. अंगठ्याचं नख काळंनिळं, टाचेला फोड. फोड सोडून बाकी पावलाला कोकमतेल चोळत होते तेवढ्यात आबांचा फोन आला. तिकडे पहाट झाली होती. प्रयोग कसा झाला, हे ते विचारतील म्हणून मी सांगायला सरसावले.

“थोरलीला दे,” ते म्हणाले. मग तिला विचारलं, “उद्या क्लास आहे ना?”

“आहे, आबा.”

“बरं,” आबा म्हणाले, आणि त्यांच्या आवाजातलं समाधान मला इथवर ऐकू आलं.