ऑन डिलीट

डेटाबेसमध्ये नोंदींनाही पालक आणि अपत्यं असतात. सभासदांचं एक टेबल, कर्जांचं दुसरं. कर्जाच्या ओळीत सभासदाचा क्रमांक असतो. त्याला आम्ही फॉरेन की म्हणतो. गंमत अशी, की पालकाच्या ओळीत अपत्याचा उल्लेखही नसतो. नातं लक्षात ठेवायचं ते अपत्यानेच.

एडगर कॉड यांनी १९७० साली, आयबीएममध्ये असताना, रिलेशनल मॉडेल मांडलं. त्याआधीच्या झाडासारख्या रचनेत नोंदीला वर एकच पालक असे. कॉडच्या पद्धतीत एका ओळीला अनेक पालक असू शकतात. जामिनाची ओळ कर्जाकडेही बोट दाखवते आणि जामीनदाराकडेही.

आता पालकच पुसायचा झाला तर? मुख्य पर्याय तीन. कॅस्केड म्हणजे अपत्यंही पुसा. सेट नल म्हणजे अपत्य ठेवा, पालकाची जागा रिकामी करा. रिस्ट्रिक्ट म्हणजे अपत्य आहे तोवर पालकाला हात लावू नका. टेबल बनवताना हे अर्ध्या ओळीत ठरतं, आणि ठरवणारा बहुतेक वेळा माझ्यासारखाच विशीतला कुणीतरी असतो.

बाबा गेल्यावर तालुक्याच्या पतसंस्थेत त्यांचं सभासदत्व रद्द करायला गेलो. वारसाचे कागद पूर्ण होते, तरी काम होईना. क्लार्ककाकांनी स्क्रीनवरचं वाचलं आणि म्हणाले, "अरे, अण्णा एका कर्जाला जामीन आहेत की!" घरात कुणालाच माहीत नव्हतं, आईलाही नाही. कर्ज आमच्या गल्लीतल्या मावशींचं, शिलाई मशीनसाठी घेतलेलं. हप्ते नियमित चालू होते.

प्रोग्रॅम आतून कसा लिहिलाय ते मला दिसत नव्हतं, पण वागणं रिस्ट्रिक्टचं होतं. कॅस्केड असतं तर बाबांबरोबर त्यांनी दिलेला शब्दही निमूट पुसला गेला असता. सेट नल असतं तर जामीनदाराची जागा रिकामी राहिली असती, आणि ते मावशींना कधीतरी नोटिशीतूनच कळलं असतं.

बाबांच्या जागी मी जामीन राहिलो. त्यासाठी आधी मला सभासद व्हावं लागलं. पालकाची ओळ आधी, मगच तिच्याकडे बोट दाखवणारी. मग जामिनाच्या ओळीत बाबांच्या क्रमांकाऐवजी माझा आला. त्यानंतर बाबांची नोंद बंद झाली.

ऑफिसात रिस्ट्रिक्टबद्दल कुरकुर असते. टेस्टिंगचा डेटा पुसताना ते आडवं येतं. आणि सगळीकडे ते हवंच असंही नाही. बिल गेलं तर बिलातल्या वस्तूंच्या ओळींना अर्थ उरत नाही. तिथे कॅस्केडच बरं. पण काही ओळी एकाच वेळी दोन घरांच्या असतात. म्हणून कुणी कॅस्केड लिहून कोड तपासायला पाठवला, की मी एवढंच विचारतो, "ही ओळ आणखी कुणाची आहे?"