दह्यातल्या जीवांची नवी खतावणी



मध्यंतरी ह्यांना डॉक्टरांनी अँटिबायोटिकबरोबर प्रोबायोटिक कॅप्सूल दिल्या. घरातल्या जुन्या पाकिटावर नाव होतं लॅक्टोबॅसिलस रॅम्नोसस, नव्यावर लॅक्टिकेसिबॅसिलस रॅम्नोसस. औषध बदललं की काय, म्हणून भाचीला फोन केला. ती मायक्रोबायॉलॉजी शिकवते. म्हणाली, "मावशी, जीव तोच, फक्त आडनाव बदललंय."

पूर्वी जिवाणूंची जात ठरायची ती आकारावरून, कोणती साखर आंबवतो, किती उष्णतेत वाढतो यावरून. १९०१ मध्ये लॅक्टोबॅसिलस हे कुळ ठरलं आणि त्यात भर पडत गेली. मग जनुकांची अक्षरं वाचता येऊ लागली. कार्ल वूज यांनी एकाच जनुकाच्या आधारे जीवांची नाती लावली. आता तर संपूर्ण जनुकसंच ताडून पाहतात. साधारण ९५ टक्के जुळला तर जात एक. अशा तपासणीत कळलं, की एका आडनावाखाली नांदणारे कितीतरी जण फार दूरचे आहेत. २०२० मध्ये २६१ जातींची २५ कुळांत वाटणी झाली, त्यातली २३ कुळं नवी. योगर्टमधला बल्गेरिकस मात्र जुन्याच घरी राहिला.

मला बी.कॉम.चा ताळेबंद आठवला. खाली टीप असते, 'मागील वर्षाच्या आकड्यांची पुनर्मांडणी केली आहे.' खाती हलतात, बेरीज तीच राहते.

सूनबाईंचा प्रश्न मात्र खरा अवघड होता. "आई, ताज्या दह्यातही हे जिवंत असतात, मग आपल्या २४ तासांच्या मर्यादेला अर्थ काय?"

विचार केल्यावर मला वाटतं ते असं. तत्त्वार्थसूत्रात जीवांची विभागणी इंद्रियांवरून आहे, एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंत. विज्ञान विचारतं, कोण कोणाचा नातलग? शास्त्र विचारतं, याच्याशी मी कसं वागू? दोन वह्या वेगळ्या, एकीचा हिशेब दुसरीत जुळवायला जाऊ नये. आणि श्रावकाचं अणुव्रत हिंसा शून्य झाल्याचा दाखला देत नाही, ती कमी करायला लावतं. म्हणून लागेल तेवढंच दही लावायचं, वेळेत संपवायचं, डाळीत कालवायचं नाही.

सूनबाईंना हे पूर्ण पटलं असं नाही. पण विरजण आता त्याच मोजून लावतात.