सांध्यातून शिरणारी धूळ

इंजिनाला डिझेल लागते हे घरातले पोरही सांगेल. पण त्याचे खरे खाणे हवा. एक लिटर डिझेल जळायला किमान दहा हजार लिटर हवा लागते. ती गाळायला एअर क्लीनर असतो. मात्र एअर क्लीनर आणि इंजिन यांच्यामधला रबरी होज चिरला किंवा त्याची क्लिप ढिली झाली, की हवा न गाळताच आत शिरते आणि धूळ घेऊन जाते. मग रिंगा नि लायनर घासलेच म्हणून समजा.

हे सारे मी बी.एस्सी.ला शिकलो होतो. तरीही नोकरीच्या सुरुवातीला एका शेतकऱ्याला सांगून बसलो, "दादा, सध्या सायकलची ट्यूब गुंडाळा, वरून तार आवळा. चालतंय." त्याने साहेबाचा शब्द मानला. हंगाम संपायच्या आत इंजिन काळा धूर ओकू लागले. दुरुस्तीसाठी कारभारणीच्या बांगड्या गहाण पडल्या. तो मला एका शब्दानेही बोलला नाही. म्हणूनच ते अजून सलते.

गेल्या दिवाळीनंतर बदलापूरजवळच्या गावातला एक तरुण आला. पॉवर टिलरवर मळणीयंत्र चालवताना फार धूळ उडते, म्हणून त्याने जुन्या ट्रॅक्टरचा मोठा एअर क्लीनर टिलरला उंचावर बसवला होता. कल्पना चांगली; पण क्लीनरचे तोंड मोठे, इंजिनाचे लहान. मधल्या सांध्याला त्यानेही ट्यूबच गुंडाळली होती! मी रजा टाकली आणि त्याला घेऊन गाडीत बसलो.

आधी उल्हासनगर गाठले. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या छावणीचे १९४९ साली हे शहर झाले. इथल्या बाजारात काय मिळत नाही? पण दुकानदाराने पहिलाच प्रश्न केला, "साहेब, माप?" आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहिले. हात हलवत परत आलो.

तुम्ही असे करू नका. नळीच्या तोंडाभोवती सुतळी गुंडाळा, तिची लांबी मोजा आणि ३.१४ ने भागा. येईल तो नळीचा बाहेरचा व्यास. होजचा आतला व्यास तेवढाच हवा. आमची सुतळी इंजिनाकडे १६ सेंटिमीटर भरली, म्हणजे ५१ मिलिमीटर; क्लीनरकडे २० सेंटिमीटर, म्हणजे ६४ मिलिमीटर.

दुसऱ्या दिवशी त्या मापांचे दोन होज मिळाले. होज घेताना आत कापडाचे थर आहेत ना, ते पाहा. मऊ नळी इंजिनाच्या ओढीने चपटी होते. रबरही तेलाला टिकणारे मागा.

आता दोन मापे जोडायची कशी? अंबरनाथला उतरून एका लेथवाल्याकडून पायरीचा तुकडा कातून घेतला. त्याच्या दोन्ही तोंडांशी बारीक कंगोरा ठेवायला सांगितला, म्हणजे होज निसटत नाही.

राहिल्या चार क्लिपा, त्या बदलापुरात हार्डवेअरच्या दुकानातून घेतल्या. स्क्रू फिरवून आवळायची ही क्लिप लम्ली रॉबिन्सन या इंग्रज नौदल अधिकाऱ्याने १९२१ साली काढली. आपल्याकडच्या पावसात पट्टी आणि स्क्रू दोन्ही स्टेनलेस स्टीलचे बरे. क्लिप कंगोऱ्यावर नको, त्याच्या मागे बसवा. आवळा, पण रबर कापेपर्यंत नव्हे.

गावी जाऊन सारे बसवले. इंजिन चालू करून हळू ठेवले आणि क्लीनरच्या तोंडावर लाकडी फळी दाबली. क्षणभर धडपडून इंजिन थांबले. पोराचा चेहरा उतरला. "साहेब, बंद पडलं!"

"पडायलाच हवं," मी म्हटले. "चालू राहिलं असतं, तर सांध्यातून हवा जात होती."

वाचकहो, ही परीक्षा हंगामापूर्वी घरच्या इंजिनावर जरूर करा. मात्र तोंडावर हात ठेवू नका, फळीच ठेवा.

तो जुना शेतकरी आज हयात नाही. असता तर त्याच्या ओट्यावर बसून एवढेच बोललो असतो, की दादा, त्या वेळीही मी तुमच्याबरोबर गाडीत बसायला हवे होते.