भंडारदरा, मे महिना आणि आमचं अख्खं खानदान

भंडारदरा म्हटलं की प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर एकच फोटो येतो. निळंशार पाणी, पलीकडे रतनगड, काठावर रंगीबेरंगी तंबू आणि कॉफीचा मग धरून क्षितिजाकडे बघणारी एखादी मुलगी. माझ्या चुलतभावानं आम्हाला हाच फोटो फॉरवर्ड केला होता. खाली ठळक अक्षरांत, 'लेक-टच प्रॉपर्टी'! मेच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही पोचलो तेव्हा त्या लेकला टच करायला पाऊण किलोमीटर चालावं लागत होतं. तेही वाळून भेगा पडलेल्या गाळावरून. बोंबला!

हा साधासुधा वीकएण्ड असता तर चार शिव्या घालून विषय संपला असता. पण ही आमच्या घराण्याची शिखर परिषद होती बॉस! श्रीरामपूरजवळ आमची साडेचार एकर बागायती आहे. काका ती कसतात. बाबा ठाण्यात, नुकतेच रिटायर झालेले. त्यांना आपला हिस्सा विकून फ्लॅटचं कर्ज फेडायचंय, काकांना जमीन फोडायची नाहीये. दोन वर्षं दोघा भावांचं फोनवरचं बोलणं 'आईच्या गोळ्या संपल्या का' याच्या पलीकडे गेलेलं नव्हतं. म्हणून आम्ही पोरांनी मधलं ठिकाण काढलं. दोन रात्री, तळं, काजवे. 'पाण्याजवळ माणूस मऊ होतो,' ही चुलतभावाची थिअरी. पाणीच नसेल तर काय होतं, यावर थिअरी गप्प.

आम्ही घोटीवरून, ते संगमनेर-अकोले-राजूर मार्गे. बारीच्या घाटात आमच्या गाडीनं राम म्हटला. समोर कळसूबाई, १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, आणि आम्ही बॉनेट उघडून वाफा मोजतोय! दीड तासानं, तीन बाटल्या बिसलेरी रेडिएटरला पाजून आम्ही शेंडीला पोचलो. बोटवाल्यानं हात वर केले. रतनवाडीला बोट? आता पावसाळ्यातच. अंब्रेला फॉल? कोरडा खडक. रंधा धबधबा? कड्यावरून एक बारीकशी धार, कुणीतरी नळ नीट बंद केला नसावा तशी.

आई वैतागलेली, काकूंचे पाय दुखताहेत, आजी 'घरी आमरस झाला असता' म्हणतेय. या सगळ्या सुतकात एकच माणूस खूश होता. काका! रिकाम्या धरणाकडे बघून ते चक्क समाधानानं म्हणाले, ''यंदा आवर्तन चांगलं मिळालं.''

हे मला तोवर डोक्यातच आलं नव्हतं. आपण ज्याला लेक म्हणतो तो आर्थर लेक म्हणजे विल्सन धरणाचा साठा. काम १९१० साली सुरू झालं, १९२६ साली धरण पुरं झालं, आणि गव्हर्नर लेस्ली विल्सनचं नाव त्याला मिळालं. साठा साधारण ११ टीएमसी. ते आपल्या फोटोंसाठी बांधलेलं नाही. इथून सोडलेलं पाणी प्रवरेतून निळवंड्याला, तिथून संगमनेरजवळच्या ओझरच्या बंधाऱ्याला, मग डाव्या-उजव्या कालव्यांनी खाली संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरीकडे. त्या पाण्यावरच तिकडे ऊस उभा राहिला, कारखाने उभे राहिले. थोडक्यात, आमचं बोटिंग काकांच्या उसात गेलं होतं.

''तुझा बाप रात्री दोनला दारं धरायचा माझ्याबरोबर,'' काका मला म्हणाले. दारं धरणं म्हणजे पाटाचं पाणी आलं की फावड्यानं एकेका वाफ्याचं तोंड उघडत, बुजवत जायचं. पाळी रात्रीची असेल तर रात्री. बाबांनी हे मला कधीच सांगितलं नव्हतं. ते नुसतंच ''साप फार असायचे,'' म्हणाले आणि गप्प झाले.

संध्याकाळी वळीव आला. साधा नाही, गारांसकट! दोन तंबू गाळात जाऊन पडले, लाइट गेली, बार्बेक्यूचं चिकन बादलीत पोहायला लागलं. आम्ही नऊजण स्वयंपाकघरात, मेणबत्तीच्या उजेडात. तिथल्या मावशींनी चुलीवर पिठलं आणि तांदळाची भाकरी टाकली. अख्ख्या ट्रिपमधली ही एक गोष्ट पैसे वसूल होती!

आणि तिथेच विषय निघाला. बाबा म्हणाले, ''पाटाचं पाणी आहे तोवरच जमिनीला भाव आहे. आत्ताच विकायला पाहिजे.''

काका म्हणाले, ''दादा, पाणी आहे म्हणूनच तर विकायची नाही.''

एकच वाक्य, दोघांच्या तोंडी उलटं. मग आवाज चढले. कर्जाचे हप्ते निघाले, आजोबांच्या आजारपणात कुणी किती खर्च केला ते निघालं, काकूंनी मोडलेल्या पाटल्या निघाल्या. आम्ही पोरं भाकरीकडे बघत बसलो. भाकरी उलटता उलटता मावशी सहज म्हणाल्या, ''धरण आमच्या दारात, पाणी तुमच्या उसाला. आम्ही उन्हाळ्यात हंडे घेऊन विहिरीवर.'' त्यांचं गाव घाटघरच्या बाजूला. पावसाळ्यात तिथे पाच-पाच हजार मिलिमीटर कोसळतो! दोघे भाऊ एकदम गप्प झाले. जेवणं होईस्तोवर कुणी काही बोललं नाही.

पाऊस थांबल्यावर काजवे बघायला निघालो. काजवे होते हो, एका बेहड्याच्या झाडावर लखलखायला लागलेही होते. पण मागे चाळीसेक गाड्या, सगळ्यांचे हेडलाइट फुल्ल, वर कुणीतरी गाणी लावलेली. दोन मिनिटांत झाड विझल्यासारखं झालं.

रविवारी रस्त्यानं रतनवाडीला गेलो. अमृतेश्वराचं मंदिर हजार वर्षांहून जुनं मानतात. कोरीवकाम बघत सावलीत तासभर सुखात गेला. आजी पुष्करणीच्या पायरीवर बसली आणि दोन्ही मुलांना शेजारी बसवलं. काय बोलली ते आम्हाला कळलं नाही, आम्ही लांब होतो.

जमिनीचं अजून ठरलेलं नाही. काकांनी ऊस तुटेपर्यंत मुदत मागितलीय, बाबा हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. परतताना आमची गाडी सुरूच होईना, तेव्हा काकांच्या पिकअपनं ओढत राजूरच्या गॅरेजला नेली. तिथे बिल कुणी द्यायचं यावरून दोघांची पुन्हा जुंपली.

तुम्ही जाणार असाल तर पाण्यासाठी ऑगस्टच्या मध्यानंतर जा. बहुतेक वर्षी तोवर धरण भरतं, अंब्रेला आणि रंधाही रंगात असतात. काजव्यांसाठी मेअखेर ते जूनचा मध्य, पण प्लीज, हेडलाइट बंद ठेवा. आणि राजूरला गाडी बंद पडो न पडो, थांबून पेढे घ्या. आजीनं दोन किलो घेतले, दोन्ही घरांसाठी वेगवेगळे बांधून.